खासदारांच्या पगारात ३० टक्के कपात झाली, पण वाचलं किती?

सुदामानगरची सून, इंदूर
आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर हा वाद संपतच नाही. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. कोरोनात महागाईचे तीन हप्ते गोठवले, त्या दीड वर्षाची थकबाकी आजतागायत मिळालेली नाही. ते म्हणतात, "आमचं कापलं, नेत्यांचं कोणी कापलं?" नवरा म्हणतो, त्यांचंही कापलं होतं. खरं कोणाचं? आणि पुन्हा तशी वेळ आली तर आपण मागायचं काय? कृपया पक्ष आणू नका, आकडे द्या.

निवृत्त कोषालयवाला, रामबाग
ताई, दोघंही खरं बोलतायत. १ एप्रिल २०२०पासून वर्षभर खासदारांच्या १ लाख पगारातले ३० हजार कापले. मतदारसंघ भत्ता ७० हजारांवरून ४९ हजारांवर आणला, कार्यालय खर्च ६० वरून ५४ वर. त्यातही सहाय्यकाच्या पगाराचे ४० हजार शाबूत ठेवले आणि कात्री स्टेशनरी-टपालाला लावली, हे मला आवडलं.

आता गुणाकार करा. ७९० खासदार धरले तर वर्षाचे जेमतेम ५४ कोटी होतात. त्याच्या थोडंच आधी जाहीर झालेलं गरीब कल्याण पॅकेज होतं १ लाख ७० हजार कोटींचं! खासदार निधी दोन वर्षं थांबवला त्याचे ७,९०० कोटी झाले खरे, पण तो पैसा त्यांच्या खिशातला कुठे होता? तो आपल्या गल्लीतल्या बोअरिंगचा आणि शाळेच्या खोल्यांचा.

माझं दुखणं वेगळंच आहे. शिपायाच्या प्रवासभत्त्याच्या बिलाला एक तिकीट कमी असलं तरी मी आक्षेप लावून परत पाठवायचो. शिव्याही खाल्ल्या. आणि इथे मतदारसंघ भत्ता ठोक, महिन्याच्या महिन्याला जमा. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाचं प्रकरण फुटलं, त्यात एकाने तळ्यातल्या बदकांच्या घराचंही बिल लावलेलं निघालं (मंजूर झालं नव्हतं, बरं का). आपण हसतो, पण बिल होतं म्हणून ते सापडलं. ठोक भत्त्यात बदकं सापडणार कशी? त्यानंतर तिथे खासदारांचे पगार आणि खर्च बघायला संसदेबाहेरची स्वतंत्र संस्था नेमली. आपल्याकडे कलम १०६प्रमाणे संसदच कायदा करून स्वतःचं ठरवते.

म्हणून मी कपात मागणार नाही, बिलं मागेन.

टिळकनगरचा भाचा
काका, कपात नको याला माझं अनुमोदन, कारण वेगळं. पगार तुटपुंजा ठेवला तर निवडणुकीला फक्त बिल्डर आणि खाणवाले उभे राहतील. २०१८ पासून खासदारांचा पगार दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढतो, त्यामुळे आता तो १ लाख २४ हजार आहे. निदान स्वतःच बाकं वाजवून स्वतःची पगारवाढ मंजूर करणं तरी थांबलं. पण पेन्शनचं काय? एकदा निवडून आलं की ३१ हजार.

आणि सगळं दिल्लीवर ढकलू नका. आपल्या मध्य प्रदेशात मंत्र्यांचा आयकर १९७२च्या कायद्याने सरकार भरत होतं! जून २०२४मध्ये मंत्रिमंडळाने ते बंद करायचं ठरवलं. कोरोनात तिजोरीत खडखडाट होता तेव्हा हे कोणाला आठवलं नाही.

निवृत्त कोषालयवाला, रामबाग
पेन्शनचा मुद्दा मान्य. मध्य प्रदेशाचं नाव निघालंच आहे तर आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजनांचंही श्रेय द्या. त्या लोकसभा अध्यक्ष असताना, जानेवारी २०१६पासून, संसदेच्या कॅन्टीनमधली शाकाहारी थाळी १८ रुपयांवरून ३० झाली. २०२१मध्ये अनुदानच गेलं. रक्कम किरकोळ, पण २०१६मध्ये दर वाढवले तेव्हा कुठलं संकट नव्हतं.

सुदामानगरची सून, इंदूर
सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते आता कागद-पेन घेऊन बसलेत, माहितीच्या अधिकारात अर्ज करायचाय म्हणे. कुठे पाठवायचा?

निवृत्त कोषालयवाला, रामबाग
लोकसभेच्या खासदारांसाठी लोकसभा सचिवालय, राज्यसभेच्या खासदारांसाठी राज्यसभा सचिवालय, दोन्ही दिल्लीत. आमदारांसाठी विधानसभा सचिवालय, भोपाळ. दिल्लीच्या अर्जाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. "कोणत्या वर्षी, कोणत्या भत्त्यापोटी, किती दिले" एवढंच लिहायला सांगा. "का दिले" विचारलं की अर्ज परत येतो.