मँचेस्टरचं रॉयल एक्स्चेंज: नाट्यगृहाने वास्तू वाचवली की बिघडवली?

चौसोपी
लेकीकडे मँचेस्टरला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वेळ काढून रॉयल एक्स्चेंज पाहिलं. लँकेशायरच्या सूत-कापडाचे सौदे इथे व्हायचे. इमारत १८७४ साली पुरी झाली, वास्तुकार मिल्स आणि मरगाट्रॉइड. आत पाऊल टाकलं की मान आपसूक वर जाते. काचेचे तीन घुमट, आणि मधल्याच्या कडेने बायबलातलं वचन गोलाकार कोरलेलं: विपुल धनापेक्षा चांगलं नाव निवडावं. मान खाली आणली आणि जीव हळहळला. बरोबर मधोमध पोलाद आणि काचेचं सात बाजूंचं नाट्यगृह! १९७६ साली बसवलेलं. अहो, हजारो व्यापारी इथे उभ्या उभ्या सौदे करायचे. मोकळी फरशी हाच या वास्तूचा प्राण. तीच भरून टाकली, मग राहिलं काय?

नेपथ्यवाला
अजिबात पटलं नाही. बाजार १९६८ सालीच बंद पडला. पुढे तुमच्या त्या मोकळ्या फरशीवर धूळच साचली असती ना? जुनी फरशी एवढं वजन पेलणारी नव्हती, म्हणून १५० टनांच्या सांगाड्याचा बहुतेक भार घुमट पेलणाऱ्या चार खांबांवर टांगलाय. जुन्या दालनाशी इतक्या अदबीने वागलेलं नवं बांधकाम मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. गिरणगावात आपण काय केलं? चिमणी तेवढी ठेवली आणि भोवती टॉवर उभे केले.

कपाशीचं_बोंड
माझं आजोळ खामगावचं, त्यामुळे हा विषय घरचा वाटतो. अमेरिकेत यादवी पेटली (१८६१-६५), तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. वऱ्हाडच्या कपाशीसाठी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. आमच्या कापसाचा सौदा ज्या छताखाली झाला, ते छत टिकलं यातच मला समाधान आहे.

नेपथ्यवाला
एक दुरुस्ती. कच्च्या कापसाचा बाजार लिव्हरपूलला होता. मँचेस्टरला सूत आणि कापड. म्हणजे तुमच्या कपाशीचं झालेलं कापड इथे विकलं गेलं असेल.

कपाशीचं_बोंड
बरोबर, चूक माझी. पण कापड म्हणूनही नातं आहेच की.

माडीवरून
चौसोपी, तुम्ही ज्या दालनासाठी हळहळताय ते १८७४ चं राहिलेलंच नाही. १९१४ ते १९२१ मध्ये इमारत वाढवून दालन दुप्पट केलं. डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडले, आणि पुन्हा बांधताना सौद्याची जागा लहान झाली, मनोऱ्याचे वरचे मजलेही साधे झाले. १९९६ च्या बॉम्बस्फोटात घुमट पुन्हा हादरले. दुरुस्त होऊन नाट्यगृह १९९८ मध्ये परत उघडलं. नाट्यगृह नसतं तर एवढा खर्च कोणी केला असता?

चौसोपी
१९४० चा मुद्दा मान्य. पण कितीही तुकडे जोडलेले असोत, दालन एका नजरेत मावायला हवं. मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. कुठेही उभे राहा, समोर पोलादी नळ्या.

माडीवरून
मी तिथे नाटक पाहिलंय. मध्यंतरात चहा घेऊन बाहेर आले तर समोर भिंतीवर सौद्यांचा उंच फलक. शेवटच्या दिवशीचे भाव अजून तसेच लावलेले आहेत. माझ्या शेजारची म्हातारी बाई नातवाला एकेक आकडा वाचून दाखवत होती. नाटक नसतं तर ती दोघं तिथे आली असती असं मला वाटत नाही.

चौसोपी
तो फलक मीही बराच वेळ पाहत होतो. तरी विचारतो, नाट्यगृह एका बाजूला का नाही सरकवलं? मधला घुमट तरी मोकळा राहिला असता.

नेपथ्यवाला
बाजूला सरकवून टांगणार कशाला? भार घ्यायचे ते चार खांब मधल्याच घुमटाखाली आहेत.

चौसोपी
हे लक्षात आलं नव्हतं. खांबांपुरतं तुमचं पटलं. फरशीबद्दल माझं मत तेच.