मदत हवी आहे: वडिलांच्या पी-३०० तपासातला फरक नक्की डोनेपेझिलचाच का?

आमचे दादा (वडील, वय ७४) परभणीच्या मोंढ्यात मापाडी होते. अल्झायमर आहे. चार महिन्यांपासून रात्री डोनेपेझिल ५ मिग्रॅ चालू आहे.

गोळी सुरू व्हायच्या आधी संभाजीनगरला पी-३०० तपास केला होता, गेल्या आठवड्यात पुन्हा केला. डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवतात. कानात एकसारखा आवाज येत राहतो, मधेच एखादा वेगळा येतो, तेवढेच मनात मोजायचे. मेंदूनं तो वेगळा आवाज ओळखला की साधारण ३०० मिलिसेकंदांनी विजेची लाट उमटते. या आजारात ती उशिरा येते. दादांची आधी ४३२ ला होती, आता ३९६ ला आली. पहिल्या वेळी पाच-सहाच्या पुढं त्यांना मोजताच आलं नव्हतं. या वेळी टेक्निशियन सारखे 'बाबा, ओठ हलवू नका' म्हणत होते आणि दादांचं चालूच, 'लाभ, दोन, तीन...' मापाडी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. तेवीसपर्यंत गेले. मला भरून आलं.

घरी मात्र जेवून हात धुतला की आईला विचारतात, 'आज भाकरी टाकली नाहीस का?'

डॉक्टर म्हणाले, ही गोळी मेंदूतलं ॲसिटिलकोलीन लवकर मोडू देत नाही, आजार थांबवत नाही. आता १० मिग्रॅ करू म्हणतात. पण काल रात्री जुन्या चिठ्ठ्या लावताना दिसलं की पहिल्या तपासाच्या वेळी दादांना लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिनही चालू होती. ती ॲसिटिलकोलीनच्या उलट काम करते. दुसऱ्या तपासाच्या महिनाभर आधी ती संपली आणि आम्ही परत आणली नाही. मग लाट लवकर आली ती डोनेपेझिलमुळं, का ती गोळी सुटल्यामुळं? त्याच आकड्यावर डोस वाढवायचा का?

शिवाय नाडी ६८ वरून ५२ वर आलीय, परवा न्हाणीतून उठताना चक्कर आली. डोनेपेझिलनं नाडी मंदावते, म्हणून उद्या इथंच ईसीजी काढतोय आणि तो दाखवल्याशिवाय डोस वाढवणार नाही.

कोणाच्या घरी असे दोन तपास झालेत का? मधे दुसरी औषधं बदलली होती का? न्यूरोलॉजीतलं कोणी इथं असेल तर सांगा, तपास तिसऱ्यांदा करण्यात अर्थ आहे का? दादांना गाडीत चार तास बसवणं आता लई जड जातं.