टॅलिन आणि विंक्युलिन पेशीत सगळीकडेच का चिकटत नाहीत?

निपाणी_एमएस्सी
नमस्कार. दहावीपर्यंत निपाणीत मराठी माध्यम, आता बेळगावात जीवरसायनशास्त्रात एमएस्सी. वर्गात शिकवणं इंग्रजीत, मित्रांशी चर्चा कन्नडात, पण मराठीत उतरल्याशिवाय गोष्ट माझ्या डोक्यात बसत नाही.

पेशी बाहेरच्या आधाराला धरते ती प्रथिनांची एक साखळी पुस्तकातल्या आकृतीत असते: पेशीपटलात इंटिग्रिन, त्याला टॅलिन, टॅलिनला विंक्युलिन, विंक्युलिनला ॲक्टिनचे तंतू. पण टॅलिन आणि विंक्युलिन पेशीद्रवातही मोकळे फिरतात. मग तिथेच एकमेकांना का धरत नाहीत? दोन रात्री आकृती बघत बसलो, कळंना झालंय.

खानापूरच्या_बाई
बाळ, प्रश्न नेमका आहे. धरायच्या जागा आहेत, पण दोघांच्याही झाकलेल्या.

निपाणीचा आहेस म्हणजे उसाची मोळी डोळ्यासमोर असेलच. टॅलिनचा लांब दांडा म्हणजे अशा १३ मोळ्या एकापुढे एक. प्रत्येकीत चार किंवा पाच हेलिक्स, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मळसूत्रासारखे पीळ. त्यांना आपण ऊसच म्हणू. विंक्युलिनला धरता येतील असे ऊस ११, पण त्यांची धरायची बाजू मोळीच्या आत वळलेली. विंक्युलिन बाहेरून घासून गेलं तरी त्याच्या हाती काही लागत नाही.

मोळी सोडते ती ओढ. टॅलिनचं डोकं इंटिग्रिनच्या शेपटीला अडकलेलं, दांडा ॲक्टिनला, आणि मायोसिन नावाचं प्रथिन ॲक्टिनला खेचत असतं. सगळ्यात आधी तिसरी मोळी सुटते, साधारण ५ पिकोन्यूटनला (पिकोन्यूटन म्हणजे बल मोजायचं अतिसूक्ष्म एकक). तीच का? तिच्या गाभ्यात चार थ्रिओनिन आहेत. गाभ्याला पाणी टाळणारी अमिनो आम्लं लागतात, थ्रिओनिन तिथे नीट बसत नाही. त्यांच्या जागी व्हॅलिन आणि आयसोल्युसिन घातले की मोळी आवळते, सोडवायला जास्त जोर लागतो. एकेक टॅलिन रेणू ताणून विंक्युलिन बसतं का, हे २००९ साली प्रत्यक्ष पाहिलं गेलं.

विंक्युलिनही मिटलेलं असतं, स्वतःचीच शेपटी डोक्याशी धरून. त्याच्या डोक्याच्या टोकाला चार हेलिक्सची मोळी आहे. टॅलिनचा सुटलेला ऊस तिच्यात पाचवा होऊन शिरतो! ३२ वर्षं शिकवलं, पण हे फळ्यावर काढताना दर वेळी मला नव्यानं आनंद व्हायचा. त्यानं शेपटीवरची पकड ढिली होते आणि मोकळी शेपटी ॲक्टिन पकडते.

बेळगाव_वॉर्ड
बाई, त्वचेतही हेच का? पेम्फिगस व्हल्गॅरिस, म्हणजे कातडीवर फोड येणारा आजार, झालेल्या एक आजी पाहिल्या. फोडाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर सरांनी अंगठा हलकेच सरकवला, तर वरचा थर ओल्या कागदासारखा निघून आला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

खानापूरच्या_बाई
नाही, तो सांधा वेगळा. त्याला डेस्मोसोम म्हणतात. त्या आजींच्या शरीरातली प्रतिपिंडं डेस्मोग्लीन ३ या त्या सांध्यातल्या प्रथिनावर हल्ला करतात. त्याच्या आत प्लॅकोग्लोबिन, मग डेस्मोप्लॅकिन आणि शेवटी केराटिनचे तंतू. ॲक्टिन नाही, विंक्युलिनही नाही.

पण त्याच पेशींमध्ये दुसरा सांधा असतो: कॅडहेरिन, बीटा-कॅटेनिन, अल्फा-कॅटेनिन, ॲक्टिन. तिथे अल्फा-कॅटेनिन ओढीनं उघडतं आणि विंक्युलिन येऊन बसतं. टॅलिनचीच रीत.

निपाणी_एमएस्सी
बाई, मोळी दिसली! आमच्या शेतात वाढ्यानं बांधतात, गाठ सुटली की ऊस पसरतात. आता एकच: ओढ थांबली की मोळी परत बांधली जाते?

खानापूरच्या_बाई
एकटं टॅलिन असेल तर हो, झटकन मिटतं. पण विंक्युलिन बसलेलं असेल तर मिटता येत नाही, कारण मोळीतला एक ऊस दुसऱ्याच्या मोळीत गेलेला असतो. आणि ओढ फारच वाढली, २५ पिकोन्यूटनच्या आसपास, तर तो ऊसच उलगडून दोरीसारखा सरळ होतो. मग विंक्युलिनला धरायला काही उरत नाही, ते सुटतं. तुझ्या आकृतीत बाणाशेजारी हे दोन आकडे लिहून ठेव.