दाभोळचा अनुभव काय सांगतो?
कर्ज जागतिक बँकेचं असलं की पर्यावरणाची काळजी आपोआप घेतली जाते, असं म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. १९९३ मध्ये बँकेने रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पाला पैसे नाकारले, पण ते वीज महाग पडेल म्हणून. वाशिष्ठीच्या खाडीतल्या मासळीसाठी नव्हे. पैसा दुसरीकडून आला आणि अंजनवेलला प्रकल्प उभा राहिलाच. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला बँकेने दिलेल्या ४५ कोटी डॉलरच्या कर्जानंतर प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करणारी मोर्स समिती नेमली गेली, तीही नर्मदाकाठच्या लोकांनी रेटा लावला म्हणून.

प्रकल्पाच्या जनसुनावणीला मराठीत फक्त सारांश मिळतो, पर्यावरणावरच्या परिणामांचा जाडजूड मूळ अहवाल इंग्रजीत. अंजनवेलजवळच्या वेलदूरच्या मच्छीमाराने तो वाचायचा कसा? अख्खा अहवाल मराठीत, सुनावणीच्या महिनाभर आधी ग्रामपंचायतीत ठेवायचा, ही अट कर्जाच्या करारातच हवी.