पाहणं वेगळं, आत शिरणं वेगळं

नोकरी देण्याआधी कंपन्यांनी उमेदवाराचं सोशल मीडिया पाहावं का? 'स्वतःच उघड्यावर टाकलंय, मग कंपनीने पाहिलं तर बिघडलं कुठे?' हा त्यावर केला जाणारा मुद्दा मला अर्धाच पटला. अमेरिकेत मेरीलँडच्या तुरुंग खात्यात रजेवरून परतलेल्या एका कर्मचाऱ्याकडे २०१० मध्ये मुलाखतीत चक्क फेसबुकचा पासवर्ड मागितला आणि त्याच्या देखत अकाउंट चाळलं. बोंबाबोंब झाली. २०१२ मध्ये असं पासवर्ड मागण्यावर बंदी घालणारं मेरीलँड हे तिथलं पहिलं राज्य ठरलं, मग इतर बऱ्याच राज्यांनी तोच कित्ता गिरवला.

आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने, माणसाने स्वतः जाहीर केलेली माहिती कक्षेबाहेरच ठेवली आहे. म्हणजे एचआरने तुमचं पब्लिक इन्स्टा पाहिलं तर हा कायदा मदतीला येणार नाही.

मला खुपतं ते निराळंच. शहाणा मुलाखतकार जात, धर्म, गरोदरपण तोंडाने विचारत नाही. प्रोफाइलवर ते आपसूक दिसतं. (आडनावाने अर्धं काम आधीच केलेलं असतं, ते सोडा.) नकाराचं कारण मात्र 'कल्चर फिट नाही', म्हणजे आमच्या वातावरणात बसत नाही. पाहायचंच तर मुलाखत घेणाऱ्याने न पाहता दुसऱ्या कुणी पाहावं, आणि कामाशी संबंध असलेलं तेवढंच पुढे कळवावं.