वर्षावनात जायचं कधी? अनुभव लिहा

वर्षावनातल्या अभयारण्याचा चांगला हंगाम विचारला की ‘कोरड्या ऋतूत जा’ असं सरधोपट उत्तर मिळतं. तेवढ्यावर तिकिटं काढली की फसायला होतं. जाणकारांनी जागा, महिना, काय दिसतं आणि काय बिघडतं एवढंच लिहावं. प्रवासवर्णनं नकोत.

रानपाखरू
विषुववृत्तालगतच्या खऱ्या वर्षावनात सगळ्यात कोरड्या महिन्यातही ६० मिमीच्या वर पाऊस असतो. हवामानशास्त्रात व्याख्याच तशी आहे. म्हणजे रेनकोट बारमाही. महिन्याच्या एकूण पावसापेक्षा पावसाचे दिवस किती आणि तो कोणत्या वेळी पडतो, हे बघा. बऱ्याच ठिकाणी तो दुपारनंतर कोसळतो आणि पहाट मोकळी मिळते. प्राणी-पक्षी दिसायचे तेही तेव्हाच. आठ वाजता आरामात नाश्ता करून निघणाऱ्याला कुठलाच हंगाम चांगला नाही.

नावाडी
अ‍ॅमेझॉनला जाणार असाल तर पाऊस नंतर बघा, आधी नदी बघा. ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळ रिओ नेग्रो या अ‍ॅमेझॉनच्या उपनदीची पातळी वर्षभरात साधारण १० मीटर वरखाली होते. तिथला पाऊस मार्च-एप्रिलमध्ये भरात असतो, नदी मात्र जूनच्या सुमारास सर्वात वर जाते, कारण वरच्या खोऱ्यातलं पाणी सावकाश उतरतं. तळ गाठते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

पाणी चढलेलं असताना होडी थेट बुडालेल्या जंगलात शिरते. एरवी मान मोडून बघावी लागणारी माकडं आणि स्लॉथ (झाडावर लटकून राहणारा संथ प्राणी) बरेच जवळ येतात. पण पायवाटा पाण्याखाली जातात आणि मासे जंगलभर पांगतात, त्यामुळे मासेखाऊ पक्षी एका जागी सापडत नाहीत. पाणी उतरलं की सगळं उलट: मासे तळ्यांत कोंडतात, बगळे-करकोचे गोळा होतात, केमन मगरी वाळूवर पडून राहतात. चालायला मिळतं, पण होडी गाळात रुतते आणि ढकलायला उतरावं लागतं.

‘कोरडा म्हणजे उत्तम’ हे गणित इक्वेडोरच्या कुयाबेनो अभयारण्यात साफ चुकतं. तिथलं आकर्षण म्हणजे सरोवरं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत मोठं सरोवर आटून जवळजवळ मैदान होतं. होडीतून फिरायचं असेल तर हे दोन महिने टाळा. पायी फिरणाऱ्यांनी खुशाल जावं.

फळझाड
बोर्निओबद्दल. किनाबातांगान नदीकाठी साधारण नोव्हेंबर ते मार्च पूर येऊ शकतो. एप्रिल ते सप्टेंबर बरा. पण एल निनोच्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर वाळलेल्या दलदलीला लागणाऱ्या आगींचा धूर पसरतो, फोटो राखाडी येतात आणि दम्याच्या माणसाचे हाल होतात. तारखा ठरवण्याआधी एल निनोचा अंदाज बघाच.

ओरांगउटानसाठी महिना नव्हे, फळ महत्त्वाचं. डिप्टेरोकार्प (तिथल्या जंगलातले उंच वृक्ष) दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने सगळे एकदम फळतात आणि कॅलेंडरवरून ते कळत नाही. वड-उंबराच्या जातीची झाडं मात्र वर्षभर कुठे ना कुठे फळलेली असतात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा: फळाला आलेलं उंबराच्या जातीचं झाड आसपास आहे का? असेल तर त्याच्याखाली दोन सकाळी बसा. धनेशही तिथेच येतात.

रानपाखरू
@नावाडी, सहमत. भर घालतो: पेरूच्या तांबोपाता भागात मे ते ऑगस्ट हा कोरडा काळ लोकप्रिय आहे, पण याच महिन्यांत दक्षिणेकडून थंड हवेची लाट येते. स्थानिक लोक तिला ‘फ्रियाखे’ म्हणतात. तिशीतलं तापमान १५ अंशांखाली येतं, दोन-तीन दिवस जंगल गप्प होतं. एक गरम जॅकेट ठेवाच. मकाव पोपट माती खायला मातीच्या कड्यावर येतात ते सकाळी, आणि पाऊस असला की बहुधा फिरकत नाहीत. त्यामुळे तिथे किमान तीन सकाळी हाताशी ठेवा. एकच सकाळ ठेवणं म्हणजे जुगार.

डोंगरवाट
युगांडातलं बविंडी, गोरिलांचं डोंगराळ जंगल: पावसाचे हंगाम दोन, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. गोरिला वर्षभर दिसतात. फरक पडतो तो चढावरच्या चिखलाने. जून ते ऑगस्ट किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा. काठी हवी, आणि बागकामाचे जाड हातमोजे. घसरताना हात पहिल्यांदा खाजकुइरीसारख्या आग करणाऱ्या झुडपावरच जातो.

काजवा
रात्रीच्या फेरीसाठी अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा. चांदण्यात बरेच निशाचर उघड्यावर येत नाहीत आणि दिव्यावर किडेही कमी जमतात. बेडूक हवे असतील तर हंगामाचा पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर जा. ओल्या महिन्यांत कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवू नका, बाहेर काढताच भिंगावर वाफ धरते. पीतज्वराची लस लागणाऱ्या देशात जायचं असेल तर ती निदान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात.