सुपरहिरोंनी म्हातारे व्हावे का? : क्लब हाऊसच्या कपाटावरून सुरू झालेली चर्चा

ग्रुप : क्लब हाऊस वाचनालय, घोडबंदर रोड, ठाणे

सचिव (सी-१००२) : सर्व सभासदांना नमस्कार. वाचनालयातील एका कपाटात सुपरहिरोंची कॉमिक्स ठेवण्यास कमिटीने मंजुरी दिली आहे. खरेदीच्या यादीवरून बी-७०४ चे काका आणि डी-२०१ यांच्यात लिफ्टमध्ये सुरू झालेला वाद पार्किंगपर्यंत पोहोचल्याचे कळले, म्हणून तो इथे लेखी व्हावा ही विनंती. या पात्रांनी वयाने वाढावे, निवृत्त व्हावे आणि आपले नाव दुसऱ्याच्या हाती सोपवावे, की आहेत तसेच राहावे, असा प्रश्न आहे. त्यावर कोणती पुस्तके घ्यायची हे ठरेल. पाण्याच्या टँकरसाठी मुख्य ग्रुप आहे. इथे कृपया देवनागरीत आणि पूर्ण वाक्यांत लिहावे. नुसते अंगठे दाखवून मत नोंदवू नये.

बी-७०४ : सचिवसाहेब, आमच्या पिढीला सुपरहिरो भेटला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. ही मालिका १९६४ साली सुरू झाली, १९९० साली बंद पडली, आणि मधल्या काळात मराठीतूनही निघत असल्यामुळे वेताळाचा, म्हणजे फँटमचा, नवा अंक आला आहे का हे बुकस्टॉलवर पाहून घेण्यासाठी ठाणे स्टेशनात आम्ही एखादी लोकल खुशाल सोडून देत असू. जंगलातील लोक वेताळाला अमर समजतात. वाचकाला मात्र ठाऊक असते की १५३६ सालापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, मूळ पुरुषाच्या पित्याचा खून करणाऱ्याच्या कवटीवर शपथ घेतो, आणि गेलेल्याला गुहेत पूर्वजांशेजारी पुरले जाते. ली फॉक यांनी १९३६ साली हे पात्र उभे करतानाच त्याच्या भवितव्याची तजवीज करून ठेवली होती. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांना तेवढे का जमू नये?

डी-२०१ : काका, आदर ठेवूनच सांगतो, तुमचे उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. १९३६ साली जो एकविसावा वेताळ होता तोच आजही एकविसावा आहे. फॉक यांनी १९७७ साली त्याचे डायनाशी लग्न लावून दिले, पुढे जुळी मुले झाली, १९९९ साली फॉक स्वतः गेले आणि मालिका दुसऱ्यांनी पुढे चालवली. बाविसावा काही गादीवर बसलेला नाही. म्हणजे वीस वेताळ गेले ते सगळे कथा सुरू होण्यापूर्वी. वाचकाच्या डोळ्यांदेखत एकाही नायकाला निवृत्त करण्याची हिंमत तिथेही झाली नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला बॅटमॅन पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो ऐन भरातलाच भेटायला हवा.

बी-७०४ : बाविसाव्याला ताटकळावे लागते आहे हे खरे, पण तो घरात आहे, वाढतो आहे, आणि बाप कधीतरी जाणार हे प्रत्येक वाचक धरून चालतो. सुपरमॅनच्या वाचकाला असे काही धरताच येत नाही. १९९२ साली त्याला मारले, आणि वर्ष भरण्याच्या आत परत आणले.

ए-५०३ : सर्वांना नमस्कार. मृत्यूची ती कथा मी अलीकडे पुन्हा वाचली. शेवटाकडे येताना एका अंकात प्रत्येक पानावर चार चित्रे आहेत, पुढच्यात तीन, त्यापुढच्यात दोन, आणि सुपरमॅन कोसळतो त्या अंकात पानभर एकच चित्र. जणू वाचकाचा श्वासच मोजून कमी करत नेला आहे. एवढ्या कसबाने उभा केलेला मृत्यू वर्षभरात मागे घेतला, की पुढच्या प्रत्येक मृत्यूची किंमत उतरते. म्हणून मला वयाचा मुद्दा दुय्यम वाटतो. नायक म्हातारा होवो अथवा न होवो, जे घडले ते घडलेलेच राहिले पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, १९६२ साली पंधरा वर्षांचा होता. हिशेबाने तो आज ऐंशीच्या घरात असायला हवा. प्रकाशकांनी यावर काळच पुढे सरकवण्याची युक्ती काढली आणि बहुतेक पात्रांच्या बाबतीत ती खपूनही जाते. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, मुळात व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता, पुढे तीच जखम अफगाणिस्तानात नेली, आणि कुणाचे काही अडले नाही. एक्स-मेनच्या कथांतील मॅग्निटोचे मात्र तसे करता येत नाही, कारण त्याचे लहानपण आउशवित्झच्या छळछावणीत गेले आहे आणि ती छावणी कोणत्याही लेखकाला दुसऱ्या दशकात ढकलता येणार नाही. माझ्या मते त्याच कारणाने तो त्या विश्वातला सर्वांत वजनदार माणूस आहे.

आता पीटरकडे येते. १९७३ साली त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, तो तिला जाळ्याने झेलतो, आणि तिच्या मानेपाशी बारीक अक्षरांत हाड मोडल्याचा आवाज लिहिलेला आहे. वाचवण्याच्या धडपडीतच ती गेली, हे त्या एवढ्याशा अक्षरांवरून कळते. पुढची अनेक दशके ती मूळ कथेत जिवंत परतली नाही, आणि पीटर मोठा झाला तो त्या पानावर. पुढे १९८७ साली मेरी जेनशी त्याचे लग्न झाले. वीस वर्षे आम्ही तो संसार वाचला. २००७ साली त्याला वाढवणाऱ्या मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी तो सैतानाशी सौदा करतो आणि बदल्यात ते लग्न झालेच नव्हते असे ठरते. विवाहित नायक तरुण वाचकाला प्रौढ वाटतो, हे त्यामागचे संपादकीय कारण होते. घटस्फोट दाखवला असता तरी मी समजून घेतले असते, कारण घटस्फोट ही निदान घडलेली गोष्ट असते.

डी-२०१ : ताई, पण त्याच प्रकाशकाने २०२४ साली समांतर विश्वात, म्हणजे मूळ कथेपासून वेगळ्या ठेवलेल्या जगात, नवा पीटर आणला, जो पस्तिशीच्या आसपास आहे, मेरी जेनचा नवरा आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि ज्याचे बेन काका हयात असून मे काकू गेलेल्या आहेत. त्याच वर्षी दुसऱ्या प्रकाशकाकडे असा ब्रूस वेन, म्हणजे बॅटमॅन, आला, ज्याच्याकडे वाडा नाही, संपत्ती नाही, आई मात्र जिवंत आहे. दोन्हींचे स्वागत जोरात झाले. मूळ पात्र जागेवर ठेवावे आणि धाडस शेजारच्या विश्वात करावे, हाच मला रास्त मार्ग वाटतो. १९८६ साली पंचावन्न वर्षांचा थकलेला बॅटमॅन दाखवला तोही मुख्य मालिकेबाहेरच, आणि आज ती कथा अभिजात मानली जाते.

बी-११०४ : माझी मुलगी सातवीत आहे. तिने स्पायडरमॅन म्हणून आधी माइल्स मोरालेस पाहिला आणि पीटर तिला नंतर कळला, त्यामुळे वारसाचा वाद तिच्यापुरता निकालात निघालेला आहे. माइल्स २०११ साली समांतर विश्वातच आला, तिथला पीटर मरण पावल्यावर. पुढे त्याला मूळ विश्वात आणले आणि तेव्हापासून एकाच न्यूयॉर्कमध्ये दोन स्पायडरमॅन नांदतात. कोणी कोणाची जागा घेतली नाही.

मी स्वतः मात्र विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशचा वाचक. तेव्हाचा फ्लॅश बॅरी ॲलन १९८५ साली जगाला वाचवताना गेला आणि त्याचा शिष्य वॉली वेस्ट फ्लॅश झाला. सुरुवातीला उतावळा, पैशाच्या मागे लागणारा, गुरूच्या सावलीत अवघडलेला हा मुलगा हळूहळू त्या नावाला पुरा पडला, त्याचे लग्न झाले, मुले झाली. काका म्हणतात तसा प्रयोग इथे वीस वर्षांहून अधिक काळ नीट चालला होता. मग २००८ साली बॅरीला परत आणले आणि २०११ च्या फेरमांडणीत वॉली सुरुवातीला गायबच. माझा समज असा, की लहानपणी बॅरी वाचलेली मंडळी तोवर लेखक आणि संपादक झाली होती आणि त्यांना आपला फ्लॅश परत हवा होता. आपण काकांच्या वयाचे होऊ तोवर माइल्सचे वाचक संपादकाच्या खुर्चीवर बसलेले असतील. गंमत म्हणजे बॅटमॅनच्या घरात शिष्य वाढतो, गुरू वाढत नाही : १९४० साली बॅटमॅनचा छोटा साथीदार रॉबिन म्हणून आलेला डिक ग्रेसन १९८४ साली नाइटविंग या नावाचा स्वतंत्र नायक झाला, त्याच्यामागून इतर रॉबिन आले, आणि ब्रूस तिथेच.

सचिव (सी-१००२) : चर्चा लांबत आहे. आपण ग्रुपवर पोल घेऊन विषय मिटवावा का?

ए-५०३ : साहेब, पोल नको. १९८८ साली जेसन टॉड हा दुसरा रॉबिन जगावा की मरावा, यासाठी दोन फोन नंबर छापले होते आणि वाचकांनी पैसे मोजून मत द्यायचे होते. मरावा म्हणून ५,३४३ फोन आले आणि जगावा म्हणून ५,२७१. अवघ्या ७२ फोनांच्या फरकाने त्या मुलाचा जीव गेला. दोन्ही शेवट काढून तयार ठेवलेले होते. आणि एवढे करून २००५ साली तो परत आलाच, म्हणजे लोकांचा कौलही टिकला नाही.

ई-६०२ : मी सहसा लिहीत नाही, पण डी-२०१ यांच्या ‘मूळ पात्र जागेवर ठेवावे’ या वाक्यावर लिहिणे भाग आहे. बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल. पेशाने ग्रंथपाल, हे या ग्रुपने लक्षात घ्यावे. १९८८ साली बॅटमॅनचा शत्रू जोकर याने तिच्यावर गोळी झाडली आणि ती व्हीलचेअरवर आली. ती गोळी तिच्या वडिलांना आणि बॅटमॅनला छळण्यासाठी होती, तिची स्वतःची कथा त्यात कुठेच नव्हती, हा त्या पुस्तकावरचा आक्षेप मलाही मान्य आहे. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या लेखकांनी तिला ओरॅकल केले : संगणकासमोर बसून अर्ध्या सुपरहिरोंना माहिती पुरवणारी, स्वतःचे पथक चालवणारी, कोणाची दया न मागणारी बाई. मी व्हीलचेअर वापरते. त्या सगळ्या कॉमिक्समध्ये आपल्यासारखे कोणी आहे असे मला वाटले ते ओरॅकलमुळे. २०११ साली ५२ मालिका पहिल्या अंकापासून नव्याने सुरू केल्या, तेव्हा बार्बरा बरी होऊन पुन्हा छपरांवर उड्या मारू लागली. तिला ‘जागेवर’ परत नेले असे म्हणतात. माझ्या लेखी तिची वीसेक वर्षांची कमाई काढून घेतली.

डी-२०१ : ताई, ही बाजू माझ्या मनात आली नव्हती. तरीही नव्याने वाचणाऱ्या मुलीला बॅटगर्ल हवी असेल तर काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

ई-६०२ : तेव्हा बॅटगर्लचे नाव दुसऱ्या दोघींनी चालवून दाखवले होते आणि दोघींनाही वाचक होते. बार्बराचे पाय बरे केल्याशिवाय ते नाव चालत नव्हते असे मुळीच नाही.

ए-१२०१ : वकील म्हणून एक मुद्दा जोडतो. आपण जणू लेखकाच्या मर्जीची चर्चा करत आहोत, पण ही पात्रे मालमत्ता आहेत. सुपरमॅन घडवणाऱ्या सिगेल आणि शुस्टर या दोन तरुणांनी त्याचे हक्क १९३८ साली १३० डॉलरना विकले, आणि तेव्हापासून त्याचे भवितव्य कंपनी ठरवते. दप्तरावर, टी-शर्टवर आणि पडद्यावर जो चेहरा विकला जातो तो म्हातारा करणे कोणत्याही मालकाला परवडत नाही. म्हणूनच प्रत्येक धाडस समांतर विश्वात होते. हे कायमचे मात्र नाही. अमेरिकी कायद्यानुसार पहिल्या अंकाचे हक्क ९५ वर्षांनी संपतात, म्हणजे १ जानेवारी २०३४ पासून तो सुपरमॅन तिथे कोणालाही वापरता येईल, आणि त्याच्या पुढच्या वर्षी बॅटमॅन. खुला होईल तो १९३८ चाच सुपरमॅन, ज्याला उडता येत नव्हते. तो फार तर वीस मजली इमारत उडी मारून ओलांडत असे. उडणे, त्याला दुबळा करणारे क्रिप्टोनाइट वगैरे नंतरच्या गोष्टी आपापल्या वर्षी मोकळ्या होतील, आणि ट्रेडमार्क वेगळेच राहतील. तरी त्या उडी मारणाऱ्या सुपरमॅनला म्हातारा करण्यापासून, किंवा कायमचा मारण्यापासून, तेव्हा कोणी कोणाला अडवू शकणार नाही.

बी-७०४ : वकीलसाहेब, तेवढे थांबायला मी तयार आहे. पण हजार जणांनी हजार म्हातारे सुपरमॅन काढले, तर त्यातला खरा कोणता?

ए-१२०१ : काका, रामकथेच्या बाबतीत आपण हा प्रश्न कधी विचारला आहे का?

बी-११०४ : आपल्याकडे राज कॉमिक्सने हे आधीच करून पाहिले आहे. १९८६ साली आलेल्या नागराजच्या पुढे आतंकहर्ता, नरकनाशक अशा वेगवेगळ्या मालिका निघाल्या आणि वाचकांनी आपापला नागराज निवडला. त्यांचा दुसरा नायक डोगा तर मुंबईचाच. यादीत हिंदी पुस्तकांनाही जागा असावी.

सचिव (सी-१००२) : कपाट एकच आहे याचे भान ठेवावे. प्रत्येकाने आपली मागणी एका वाक्यात द्यावी.

डी-२०१ : २०२४ च्या दोन्ही समांतर मालिकांचे पहिले खंड घ्यावेत, कारण त्यांसाठी आधीचे काहीही वाचलेले असावे लागत नाही.

ए-५०३ : ग्वेनच्या मृत्यूची कथा असलेला संग्रह घ्यावा, आणि २००७ च्या सौद्याचे पुस्तक सोसायटीच्या पैशाने आणू नये, ज्यांना हवे त्यांनी माझी प्रत न्यावी.

बी-११०४ : वॉलीच्या फ्लॅशचा संग्रह आणि माइल्सचा पहिला खंड.

बी-७०४ : इंद्रजालचे जुने अंक किंग्ज सर्कलच्या पदपथावर किंवा आणखी कुठे मिळतात का ते मी बघतो, सोसायटीने फक्त बाइंडिंगचा खर्च द्यावा, कारण पिना गंजल्या असतील तर मुलांच्या हातात तसे अंक देणे बरे नव्हे.

ई-६०२ : ओरॅकलच्या पथकाचे सुरुवातीचे खंड घ्यावेत. २०११ नंतरची बॅटगर्लही आणायला माझी हरकत नाही; मात्र ओरॅकल खालच्या दोन खणांपैकी एकात ठेवावी, वरच्या खणांपर्यंत माझा हात पोहोचत नाही.